मुखवटा थोरल्याचा, शेला धाकट्याचा

माझ्या चुलत भावाचा फोटो एका भिंतीवर लागला आहे आणि त्या फोटोत माझा हात आहे. फक्त हात. मनगटापासून बोटांपर्यंत, घड्याळासकट. भिंत आमच्या गावच्या जुन्या शाळेची, फोटो माणसाएवढा उंच, आणि तो लावणारी मेहकरची एक संस्था. गावोगावच्या जुन्या कला, जुनी देवळं, जुन्या वस्तू जपायचं काम ही संस्था करते. बाहेरगावचे लोक येतात, फोटोपुढं उभे राहतात, "वा!" म्हणतात. एखादा चौकस असला तर विचारतो, "हा मागचा हात कोणाचा?" मी तिथं असलो तर घसा खाकरतो. बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही, आणि मी उगीचच खाकरून घरी येतो.

आता मुळापासून सांगतो. आमच्या गावात नरसिंहाचं जुनं देऊळ आहे. वैशाखात नरसिंह जयंतीला सोंगं निघतात. आधी गणपतीचं, मग सरस्वतीचं, मग हिरण्यकश्यपूचं, आणि शेवटी ऐन दिवेलागणीला नरसिंहाचं. नरसिंहाचा मुखवटा उंबराच्या लाकडाचा. त्यावर किती पिढ्यांनी रंगाचे थर चढवले देव जाणे, पण डोक्यावर घेतला की मणके बोलू लागतात. त्याला डोळ्यांची भोकं नाहीत. जबड्यातून खाली पाहिलं तर स्वतःच्या पायाचे अंगठे दिसतात, बस. आणि ज्याच्या अंगावर हे सोंग, त्यानं बोलायचं नाही, त्याच्याशीही कोणी बोलायचं नाही, कारण तेवढा वेळ तो माणूस नसतो. म्हणून त्याच्या कमरेला लांब शेला गुंडाळतात आणि शेल्याची दोन्ही टोकं धरून मागं एक जण चालतो. उजवं टोक ओढलं की उजवीकडं वळायचं. डावं ओढलं की डावीकडं. दोन्ही ओढली की थांबायचं. दोन्ही सैल सोडली की नाच, पाहिजे तसा गरगर फिर, मैदान मोकळं आहे.

मुखवट्याचा मान आमच्या थोरल्या घराचा आणि शेल्याचा धाकट्या घराचा. आमच्या आजोबांच्याही आधीची ही वाटणी. चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, थोरल्या घरात जन्मला आणि मी धाकट्या. वयात अंतर म्हणाल तर काही महिन्यांचं. पण ते काही महिने मला जन्मभर पुरले.

शाळेत मी हुशार. दादा गणितात नापास व्हायचा आणि हसत हसत घरी यायचा. मी पुढं मेहकरला कचेरीत बाबू झालो, एसटीनं गेलो, एसटीनं आलो, सन्मानानं निवृत्त झालो. दादा वावरातच राहिला. सोयाबीन, हरभरा आणि दोन म्हशी. आता तुम्हीच सांगा, गावात नाव कोणाचं व्हायला पाहिजे? पण जयंती आली की सारं गाव त्याच्या पायाशी आणि मी मागं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच जयंतीची गोष्ट सांगतो. उंद्रीहून माझी सासुरवाडी आली होती. सासरे गर्दीत घुसले, नरसिंहाच्या पायावर डोकं ठेवलं, आणि मग मागं येऊन स्वतःच्या वहाणा माझ्यापुढं धरून म्हणाले, "जावाईबापू, तुमी मागंच हा त, एवढ्या सांभाळा." माझ्या दोन्ही हातांत शेला. मी वहाणा काखेत दाबल्या आणि तसाच पुढचं अर्धं गाव देवाला फिरवून आणलं.

लोक काय म्हणायचे ऐका. "काय फिरते बाप्पा दादा! मधातून काही दिसत नाई, तरी एका लेकराले त्याचा पाय लागत नाई." अरे, पाय लागत नाही तो कोणामुळं? विहिरीजवळच्या गुळगुळीत दगडावरून त्याला आजवर कोणी नेलं? गल्लीत मधेच एखादी म्हातारी आरतीचं ताट घेऊन उभी राहते, तिच्यापाशी त्याला नेमका कोण थांबवतो? पण आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा हा कारभार. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तोंडानं मात्र मी म्हणायचो, "हाव ना, दादाले देवाचं वरदानच आहे."

तरी इतकी वर्षं हा हेवा गावातल्या गावात होता. वर्षातून एकदा पेटायचा, मग विझायचा. मेहकरची ती संस्था आमच्या गावात आली आणि माझा वैशाख बारमाही झाला.

संस्था चालवणाऱ्या मॅडम पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमचे मुखवटे देवळाच्या माळ्यावर पडले होते. गणपतीची सोंड उंदरांनी कुरतडली होती. सरस्वतीचं सोंग तर कित्येक वर्षं निघालंच नव्हतं, कारण करायला कोणी तयार नव्हतं. पोट्टे बस स्टँडवर मोबाइलमध्ये मान घालून बसायचे. मॅडमनी ग्रामपंचायतीकडून बंद पडलेली जुनी शाळा मागून घेतली, पत्रे बदलले, भिंती रंगवल्या आणि सगळे मुखवटे तिथं नेले. जुन्या लाकडाचं काम जाणणारा एक माणूस बाहेरून आणला. त्यानं महिनाभर बसून वाळवी काढली, वरचे भडक रंग हळूहळू खरवडले. नरसिंहाच्या गालावर केशरी रंगाच्या खालून हिरवी वेलबुट्टी निघाली. आमच्यापैकी कोणी ती कधी पाहिली नव्हती. गावातल्या म्हाताऱ्या बाया येऊन पाहून गेल्या, डोळ्यांना पदर लावून गेल्या. खोटं कायले बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मॅडम दादाला म्हणाल्या, "घ्या दादा, हा तुमचा मुखवटा." माझं पाणी जागच्या जागी आटलं.

त्याच शाळेत मग रविवारचा वर्ग सुरू झाला. संबळ वाजवणं, डफडं वाजवणं, सोंगांची पावलं. पोरं आली, मग पोरीही आल्या. देवस्थानचे पंच कुरकुरले, तेव्हा मॅडमनी शांतपणे विचारलं, "सरस्वतीचं सोंग मुलीनं नाही करायचं तर कोणी करायचं?" गावच्या शिंप्याला सोंगांचे कपडे शिवायचं काम मिळालं. बचत गटाच्या बायांनी जयंतीला भाकरी आणि ठेच्याचं दुकान मांडलं आणि ते दुपारीच संपलं. पुण्याला कामाला गेलेली पोरं दिवाळीला सुट्टी घेत नाहीत, ती जयंतीला घेऊ लागली. गावाचं भलं झालं, हे माझा दुश्मनही नाकारणार नाही, आणि मी तर गावचाच आहे. पण त्या वर्गाला शिकवायला कोण? दादा! पोरं त्याला गुरुजी म्हणू लागली. पाढे म्हणताना ज्याची दातखीळ बसायची तो गुरुजी, आणि ज्यानं जन्मभर साहेबांच्या फायली लावल्या तो घरी बसून शेंगा सोलतो. आहे का न्याय?

बायकोला सगळं दिसत होतं. रविवारी संबळाचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायचो.

"एवढ्या उकाड्यात खिडकी काऊन लावता?" ती म्हणायची.

"धूळ येते."

"धूळ नाई येत. तुमचं पोट दुखून राह्यलं. ओवा देऊ काय?"

उंद्रीच्या माणसांची ही अशी जीभ. लागेल तिथंच मारतात.

गेल्या वर्षीच्या जयंतीची संस्थेनं फिल्म काढली आणि ती देवळाच्या पटांगणात पडदा बांधून दाखवली. सगळं गाव सतरंज्यांवर. पडद्यावर दादा आला की शिट्ट्या. दादाचे पाय, दादाचे पंजे, दादा घरी म्हशीला चारा टाकताना, दादा चहा पिताना. अहो, चहा पिताना! मी शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसलो. एकदा माझं कोपर आलं. एकदा अर्धी पाठ आली. शेजारचा म्हणाला, "तो पाहा, तुमचा सदरा!" नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तशा झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जुन्या शाळेत गेलो. मॅडम नुकत्याच मेहकरहून आल्या होत्या.

"फिल्म झकास झाली," मी म्हटलं. "पण अर्धी आहे."

"अर्धी? काय राहिलं काका?"

मग मी जो सुटलो तो सुटलोच. चाळीस फायली पुढं पडल्यावर जेवढा बोललो नसेन तेवढा बोललो. म्हटलं, मॅडम, मुखवट्यातल्या माणसाला दिसत काही नाही, तेव्हा तो नाचतो म्हणजे कोण नाचवतो? त्याला दम लागला की आधी पाठीला कळतं, आणि पाठ मला दिसते. संबळाची लय चढायच्या आत शेला सैल सोडावा लागतो, चढल्यावर सोडला तर तो अडखळतो. गर्दीतली कोणती बाई पुढं येणार आणि कोणती लाजून मागंच राहणार, हे तिच्या ताटाकडं पाहून ओळखावं लागतं. बैलगाडी चांगली चालली तर लोक बैलाच्या पाठीवर थाप मारतात, कासरा कोणाच्या हातात आहे ते कोणी पाहत नाही. आणि शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "मुखवटा काय, कोणीही घालीन. धरणारा जन्माले यावा लागते!"

मॅडम थक्क झाल्या. "काका, हे आम्हाला इतक्या दिवसांत कोणी सांगितलंच नाही. आमची केवढी मोठी चूक झाली असती! पुढच्या जयंतीला आपण धरणाऱ्यावरच काम करू. कॅमेरा पूर्ण वेळ मागं ठेवू."

मी घरी तरंगत आलो. त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली. वर्षभर मी खिडकी लावली नाही. कॅमेऱ्यासमोर कोणता सदरा घालायचा हेसुद्धा ठरवलं. संस्थेचं काम किती मोठं आहे, हे मी गावात चार लोकांना स्वतःहून सांगू लागलो.

यंदाच्या जयंतीच्या आधी जुन्या शाळेत बैठक झाली. पंच होते, मॅडम होत्या, वर्गातली पोरं होती. कोणी काय करायचं ते ठरत आलं, आणि दादा उभा राहिला.

"एक बोलू काय?" तो म्हणाला. "दोन वर्षं झाले पोरायले शिकवून राह्यलो. पोरं इचारतात, मागून कसं दिसते, शेला कवा सैल सोडते. मले काय ठाऊक? म्या जन्मात कधी मागून पाह्यलंच नाई. त यंदा मी शेला धरतो आन मुखवटा हा घालन. एकाच रक्ताचे हाओत, देवाले चालन."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. माझ्या कानात संबळ वाजत होतं. ज्या मुखवट्यासाठी मी पोरवयापासून तळमळलो, जो थोरल्या घरात जन्मलो नाही म्हणून मनातल्या मनात आईबापालाही बोल लावला, तो दादानं तंबाखूची पुडी पुढं करावी तसा माझ्यापुढं केला. पंचांनी माना डोलावल्या. मी "हाव" म्हणालो. विचार करायला वेळ घेतला असता, तर मी मी नसतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मंग धरन कोण?"

"दादा."

"आन क्यामेरा कोठी हाय म्हणत व्हते यंदा?"

कॅमेरा मागं. पूर्ण वेळ मागं. म्हणजे दादावर. गेल्या वर्षी कॅमेरा पुढं होता तेव्हा दादा पुढं, आणि मी भांडून कॅमेरा मागं नेला तर दादा मागं! आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही तालुक्याहून मागवून.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "मुखवटा काय, कोणीही घालन म्हणे."

दुसऱ्याच दिवशी मी मॅडमना गाठलं. म्हटलं, मॅडम, यंदा मुखवटा इतका सुंदर झाला आहे, ती वेलबुट्टी लोकांनी पाहिली पाहिजे, तेव्हा कॅमेरा पुढंच असलेला बरा. मॅडम हसल्या. "काळजी करू नका काका. तुमचा शब्द मी विसरलेली नाही. यंदा धरणारा म्हणजे धरणारा." त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी वेलबुट्टीचंच कौतुक करून परतलो. शेला परत मागावा, असं एकदा मनात आलं. पण मुखवटा सोडवत नव्हता. मनाची समजूत घातली की कॅमेरा गेला खड्ड्यात, गाव तर पुढूनच पाहणार आहे. सारं गाव मला पाहील. सासुरवाडीही येणार होती.

जयंतीचा दिवस तापला. गणपती झाला, सरस्वती झाली. सरस्वतीच्या सोंगातली पोरगी अशी नाचली की पंचांनीच पहिली टाळी वाजवली. सूर्य टेकला तसा देवळाच्या मागच्या खोलीत दादानं माझ्या कमरेला शेला गुंडाळला आणि मुखवटा डोक्यावर चढवला. आत अंधार. नव्या रंगाचा वास आणि त्याच्या खाली जुन्या घामाचा. घामही दादाचाच. म्हटलं, इथंही हा आधीच येऊन बसलेला आहे.

संबळ वाजलं आणि मी निघालो. खरं सांगतो, पहिल्या वळणापर्यंत मी पाऊल पाऊल चाचपत टाकलं. खाली अंगठे, बाकी सगळा गोंगाट. कुठं उतार, कुठं पार, कुठं विहीर, काही कळेना. मी त्या गल्ल्यांतून जन्म काढला, पण त्या कोणा दुसऱ्याच गावच्या वाटत होत्या. मग उजवीकडून शेला हलका ओढला गेला. मी वळलो. पायावर गार पाणी पडलं, नारळ फुटल्याचा आवाज आला, कोणीतरी पायांना हात लावला. मी छाती फुगवली. घ्या, आता पाहा मला!

तेवढ्यात अगदी जवळून एका म्हातारीचा आवाज आला, "यंदा दादा हळू फिरून राह्यला माय. वय झालं आता बिचाऱ्याचं."

मागं कोण आहे ते पाहायची गावाला सवयच नव्हती. काय करावं माणसानं? ओरडून सांगावं, की म्हातारे, मी आहे? पुढच्या गल्लीतही तेच. "दादा थकला." जे चुकलं ते दादाचं आणि जे जमलं तेही दादाचं. आणि मागून मॅडमचा माइकवरचा आवाज, "धरणाऱ्याच्या हातांकडं लक्ष द्या. किती अलगद फिरवतायत ते पाहा." टाळ्या. त्या माझ्या पाठीमागं वाजल्या. मुखवट्यात माणूस जळतो तेव्हा धूर बाहेर जायलासुद्धा वाट नसते.

मग मी एक गोष्ट करू लागलो. मी शेल्याकडं कान दिला. कानानं नाही, कमरेनं. कारण त्या कापडातून काय काय जातं ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेला माझ्या हातात असताना, टाळ्या रंगात आल्या की मी दादाला क्षणभर आधीच थांबवायचो. कोणी फार कौतुक केलं की पुढचं वळण जरा झटक्यानं द्यायचो. कोणाला दिसत नव्हतं, पण मला त्यातच काय ते समाधान होतं. आता दादा मागं होता आणि लोक देवाच्या पाया पडत होते. म्हटलं, आता येईल. आता याच्याही पोटात दुखेल आणि ते शेल्यातून माझ्या कमरेला कळेल. मी प्रत्येक वळणावर वाट पाहिली. आलं नाही. वळण वळणासारखं, थांबणं थांबण्यासारखं. त्यात दुसरं काही मिसळलेलंच नव्हतं.

देवळाच्या उंबरठ्यापाशी आलो. इथं नरसिंह शेवटचा नाचतो आणि इथंच सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतात. इथं मी दादाला कधीच पोटभर नाचू दिलं नव्हतं. शेल्याची दोन्ही टोकं सैल झाली. मी फिरलो. टाळ्या चढल्या. आता ओढील, आता थांबवील, म्हणून मी दचकून हळू झालो, पण शेला सैलच. मी पुन्हा फिरलो. संबळवाला बेभान झाला, लोक ओरडू लागले, आणि दादा मला नाचू देत राहिला, दम संपेपर्यंत. ज्यासाठी जीव टाकला ते सगळं मला मिळालं, आणि मी मुखवट्याच्या आत रडत होतो. आनंदानं म्हणाल तर तसं नाही. रागानं.

मुखवटा उतरला तेव्हा माझ्या कानांना रंग लागलेला होता. बाहेर मॅडम आणि कॅमेरेवाला दादाला घेरून उभे होते. "दादा, पहिल्यांदाच धरलंत, असं वाटलंच नाही!" माझे सासरे आता बरेच थकले आहेत, पण काठी टेकत तेही दादापाशी गेले. मी घामानं निथळत देवळामागच्या ओट्यावर बसलो. गर्दी पांगल्यावर दादा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडं आला आणि शेजारी टेकला.

"कसं वाटलं बे?"

"जड आहे," मी म्हटलं.

"हाव, जड त हाय."

तांब्या माझ्याकडं दिला. मी पाणी प्यालो. मग विचारलंच.

"दादा, तुले मधात शेला कळत जाय काय?"

"कळत नाई त काय? मधात तेवढंच त कळते."

"समदं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला, गणितात नापास होऊन घरी येताना हसायचा तसंच. "तू लय ओढत व्हता बे. टाळ्या वाजल्या का थांबवत व्हता. तुही वहिनी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी कमरेले तेल लावून देत जाय."

टोमणा नव्हता. यंदा पाऊस जरा उशिरा आला, असं म्हणावं तसं म्हणाला. माझा मात्र संताप झाला. त्याला ठाऊक होतं! पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि हा माणूस दर वर्षी येऊन कंबर माझ्या हातात देत होता.

"मंग बोलला काऊन नाई?" मी जवळजवळ ओरडलोच. "एवढी वर्षं! एकदा त बोलाचं!"

"बोललो असतो आन तू रागानं शेला सोडून देल्ला असता त?" दादा म्हणाला. "मले त मधात काहीच दिसत नाई. तू मागं व्हता म्हणून त मी नाचलो. तू ओढशीन, पण मले विहिरीत नाई पाडणार, एवढं ठाऊक व्हतं."

आतून कोणीतरी पंगतीला हाक मारली. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि जेवायला गेला. मी ओट्यावरच बसून राहिलो. ज्याच्यावर मी जन्मभर जळलो, तो मी जळतो हे माहीत असताना माझ्या भरवशावर अंधारात नाचत होता. इतका भरवसा मला आजवर कोणावर टाकता आला नाही, बायकोवर नाही, देवावरही नाही. मुखवट्याचा हेवा त्या दिवशी संपला. आता या गोष्टीचा वाटतो, आणि हा काही जाईल असं दिसत नाही.